चालताना रचायची अष्टाक्षरी (खानदेश)

फुललेल्या झाडांखालून जाताना, हाती कागद न घेता, चार चरणांचे कडवे तोंडी जुळवण्याची रीत. प्रत्येक चरणात आठ अक्षरे, कडव्यात एकूण बत्तीस. यमक दुसऱ्या आणि चौथ्या चरणाला. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतकाम करताकरता त्या गाणी रचत, आणि त्यांतली कितीतरी याच मापात बसतात. हात किंवा पाय एका लयीत चालू असला की हे माप आपोआप तोंडात बसते.

पाऊल पडेल तशी दोन अक्षरे म्हणावीत. चार पावलांत चरण, सोळा पावलांत कडवे. जोडाक्षर एकच धरायचे, ऱ्हस्वदीर्घ पाहायचे नाही. नवखे नेमके इथेच मात्रा मोजत बसतात. चढावर दम लागतो आणि चरण मध्येच तुटतो, म्हणून सपाट वाट बरी. तोरणमाळचा घाट चढताना फुले पाहावीत, ओळी माथ्यावर गेल्यावर जुळवाव्यात.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, पण पळस आणि काटेसावर त्याची वाट पाहत नाहीत. यावल-चोपड्याकडच्या सातपुड्याच्या पायथ्याला किंवा चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या रानात माघ-फाल्गुनातच जावे. चैत्रात पळसाला पाने आणि चपट्या शेंगा दिसू लागतात. तेव्हा निंबाचा मोहर असतो, पुढे उन्हे तापली की बहावा. मोहाची फुले रात्री गळतात, तेव्हा मोहावर रचायचे तर पहाटेच निघावे.

पहिली ओळ बहुधा ‘रानी पळस पेटला’ अशी येते. अक्षरे बरोबर आठ, तरी ती टाकून द्यावी; झाड न पाहताही ती सुचली असती. खाली वाकून गळलेले फूल उचलावे. पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकडी, बुडाशी काळपट मखमली वाटी, वास नाही. मग ‘नाही एकही रे पान’ अशी ओळ येते. त्यातला ‘रे’ केवळ भरतीचा. ‘फांदीवर’ घातले की जागाही कळते आणि मापही भरते:

नाही फांदीवर पान,
खाली फुलांच्या पंगती;
काळी टोपी ज्याला त्याला,
मुंग्या आत उतरती.

यमकाचा शब्द आधी ठरवून मागे ओळ ओढली की ‘फुलला-झुलला-डुलला’ सुरू होते. चौथा चरण आधी पक्का करून दुसरा त्याला जुळवणे सोपे.

अहिराणीत रचताना माप बदलते. ‘आहे’ची दोन अक्षरे, ‘शे’चे एकच. प्रमाण मराठीतली ओळ नुसती पालटली तर चरण लंगडा होतो. मुळातून अहिराणीतच जुळवावी. लेवा बोलीत ‘काळी’ची ‘कायी’ होते, तिथे मोजणी ढळत नाही.

कडवे जमले की पुढच्या झाडापर्यंत तीनदा मोठ्याने म्हणावे. जिथे जीभ दोनदा अडखळते तो शब्द बदलावा, आणि मगच मोबाइलवर बोलून ठेवावे.