लोअर नाइन्थ वॉर्ड

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराची इंडस्ट्रियल कालव्याच्या पूर्वेची वस्ती. रहिवासी बहुतांश कृष्णवर्णीय आणि कष्टकरी, तरी निम्म्याहून अधिक कुटुंबांचे घर स्वतःचे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळात कालव्याची पूरभिंत फुटली आणि लोंढ्याने घरेच्या घरे जोत्यावरून उचलून नेली. ही निव्वळ नैसर्गिक आपत्ती नव्हे. पूरभिंती लष्कराच्या अभियंता दलाने बांधलेल्या होत्या आणि शहरात त्या अनेक ठिकाणी कोसळल्या. उरलेल्या घरांच्या दर्शनी भिंतीवर शोधपथकांनी रंगाने मोठी फुली मारली. फुलीच्या खालच्या कोपऱ्यात आत सापडलेल्या मृतांचा आकडा लिहिलेला असे.

परतणाऱ्यांची खरी अडवणूक पाणी ओसरल्यावर झाली. 'रोड होम' या सरकारी योजनेत घरमालकाला जास्तीत जास्त दीड लाख डॉलर मिळत. रक्कम ठरवताना घराची वादळापूर्वीची बाजारकिंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांपैकी जी कमी ती धरली जाई. कृष्णवर्णीय वस्तीत तशाच घराचा बाजारभाव गोऱ्या वस्तीपेक्षा कमी असे, कारण बँकांनी अशा वस्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या कर्जे नाकारली होती. लाकूड, सिमेंट आणि सुताराची मजुरी मात्र वस्ती पाहून कमी होत नाही. त्यामुळे नुकसान सारखे असूनही मदत कमी मिळाली आणि अनेकांची घरे अर्धवट राहिली. हा अन्याय थेट सूत्रातच होता. २००८ मध्ये त्याविरुद्ध दावा दाखल झाला आणि २०११ मध्ये सुमारे ६.२ कोटी डॉलरची तडजोड झाली. तोवर सहा वर्षे उलटली होती.

दुसरी अडचण मालकीच्या कागदांची. आजोबांच्या नावावरचे घर वारसनोंद न करताच नातवंडांकडे आलेले. ज्या छताखाली जन्म गेला ते आपले आहे, हे सिद्ध केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे. भाडेकरूंसाठी तर योजनेत थेट मदतच नव्हती. शहरातील गरीब भाडेकरूंसाठीच्या चार मोठ्या सरकारी वसाहतींमधील सुमारे ४,५०० घरे पाडण्यास नगर परिषदेने डिसेंबर २००७ मध्ये मंजुरी दिली.

२००० च्या जनगणनेत वॉर्डात सुमारे १४,००० लोक होते, २०१० मध्ये ३,००० हून कमी. घरे गेलेल्या अनेक प्लॉटांवर फक्त सिमेंटच्या पायऱ्या राहिल्या. परतलेले लोक शेजाऱ्याच्या रिकाम्या जागेतले गवतही आपल्या यंत्राने कापतात.