साखर गेली कुठे?

जपानीत 'कराई' म्हणजे तिखट आणि 'कुची' म्हणजे तोंड. पण साकेच्या, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूच्या, बाटलीवर 'काराकुची' दिसलं तर मिरची शोधू नका. गोडवा कमी, एवढाच त्याचा अर्थ. निइगाता प्रांताची ओळखच 'तानरेई काराकुची' साके: हलकी आणि कोरडी. घोट गिळला की चव रेंगाळत नाही.

खरं तर तांदळात साखर जवळजवळ नसतेच. असतो स्टार्च, आणि साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या यीस्टला तो पचत नाही. बिअरवाले त्यासाठी बार्लीला मोड आणतात. जपान्यांनी एका बुरशीला कामाला लावलं: अ‍ॅस्परजिलस ओरायझी. वाफवलेल्या तांदळावर तिचे बीजाणू भुरभुरून उबदार खोलीत दोन दिवस सांभाळायचं. बाहेर बर्फ, आत घाम! मग दाण्यावर पांढरी लव दिसते, चेस्टनटसारखा वास येतो. ही झाली 'कोजी'. हलक्या साकेसाठी दाणा लवेने पुरता झाकलेला नको. ठिपके ठिपके हवेत, पण बुरशीचे धागे थेट गाभ्यात घुसलेले. तांदूळ पाण्यात न शिजवता वाफवतात तो म्हणूनच. वरून कोरडा, आतून ओलसर राहिला की बुरशी ओलाव्यामागे आत शिरते.

पुढे एकाच पिंपात दोन कामं चालतात. कोजी स्टार्चची साखर करते आणि यीस्ट ती लगोलग फस्त करतं. साखर साठत नाही, त्यामुळे यीस्ट गुदमरत नाही आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास चढतं. बाटलीत भरताना बहुधा पाणी घालून ते पंधरा-सोळावर आणतात.

मग हलकेपणा कुठून येतो? मला वाटतं, मोठा वाटा पाण्याचा. कोबेजवळच्या नाडा भागातलं 'मियामिझु' हे पाणी १८४० पासून नावाजलेलं. त्यातल्या पोटॅशियम-फॉस्फरसवर यीस्ट धडाक्यात वाढतं. तिथली साकेही कोरडीच, पण दणकट. निइगातात बर्फ वितळून झिरपलेलं मृदू, म्हणजे कमी क्षारांचं पाणी. मिनामिउओनुमामधली १९२२ साली सुरू झालेली हाक्काइसान ब्रुअरी असंच झऱ्याचं पाणी वापरते. यीस्टला खुराक कमी, वर थंडी. आंबवणं संथ चालतं आणि चव हलकी राहते.

तांदूळही तसाच. हातसडीचा तांदूळ पौष्टिक म्हणून आपण कौतुकाने खातो. साकेवाले मात्र दाणा घासघासून लहान करतात, कारण बाहेरच्या थरातली प्रथिनं आणि चरबी चव जड करतात. निइगाताच्या 'गोह्याकुमानगोकू' या वाणाचा दाणा पिंपात फारसा विरघळत नाही. नावाचा अर्थ पन्नास लाख कोकू. प्रांताचं भाताचं पीक तेवढं झालं म्हणून १९५७ मध्ये हे नाव ठेवलं. एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो.

बाटलीवरचा +५ सारखा आकडा घनतेचा असतो. पाण्याइतकी घनता म्हणजे शून्य. त्याहून हलकी साके अधिक, जड असेल ती उणे. साखरेने घनता वाढते, म्हणून आकडा जितका वर तितकी साके कोरडी, असं मानतात. मात्र अल्कोहोल मुळातच पाण्यापेक्षा हलकं, आणि आंबटपणा गोडवा झाकतो. त्यामुळे +५ ची साके +२ च्या साकेपेक्षा गोड लागली, तर तुमच्या जिभेला दोष देऊ नका.