स्प्रिंगखालचे पाचशे ग्रॅम

"चाकातला एक ग्रॅम म्हणजे फ्रेममधले दोन ग्रॅम." माउंटन बाइक चालवणाऱ्यांच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं, आणि महागडी चाकं विकताना दोनाचे पाचही होतात. दोनाचा आकडा बरोबर आहे. रिमवरचा ग्रॅम सायकलबरोबर पुढे जातो आणि त्याच वेगाने गोलही फिरतो, म्हणून त्याला गती देताना दुप्पट ऊर्जा लागते. पण एकूण हिशोबात त्याचा वाटा किती? स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरा. दोन्ही रिममधून मिळून २०० ग्रॅम काढले, तर वेग पकडताना ४०० ग्रॅम कमी झाल्यासारखं वाटेल. हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. एका लयीत चढ चढताना तर तेवढाही नाही, कारण तिथे रिमचा ग्रॅम एकाच ग्रॅमइतका मोजला जातो. उभ्या, संथ चढावर ९० किलोतला एक किलो कुठूनही काढा, तासाभराच्या चढाईत सुमारे ४० सेकंद वाचतात.

तरीही फुल सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकांना स्प्रिंगचा आधार असलेल्या, सायकलचं चाक हलकं करावंच. कारण मात्र चाकाच्या वर-खाली होण्यात आहे, फिरण्यात नाही.

सस्पेन्शन असलेल्या सायकलचे दोन भाग पडतात. फ्रेम, हँडलबार, क्रँक (पेडलचे दांडे) आणि स्वार स्प्रिंगच्या वर असतात. चाक, टायर, कॅसेट (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच), रोटर (ब्रेकची चकती), डिरेलर (गिअर बदलणारा भाग), ब्रेकचा कॅलिपर (चकतीला पकडणारा भाग) आणि स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचा, मागचा भाग स्प्रिंगच्या खाली असतो. मागच्या बाजूचं हे खालचं वजन साधारण चार किलो भरतं. ताशी ३० किलोमीटर वेगात २९ इंची चाक ५ सेंटिमीटर उंच दगडावर आदळलं की काय होतं ते पाहा. चाकाची त्रिज्या सुमारे ३७ सेंटिमीटर. भूमितीने हिशोब केला तर त्या क्षणी चाकाचा आस सेकंदाला ४.८ मीटर वेगाने वर ढकलला जातो. टायर दबतो म्हणून प्रत्यक्षातला आकडा थोडा कमी येईल. चार किलोला एवढा वेग म्हणजे ४७ ज्यूल ऊर्जा, पाचशे ग्रॅम काढून उरलेल्या साडेतीन किलोला ४१. ही ऊर्जा शॉकने, म्हणजे स्प्रिंग आणि धक्का शोषणारं तेल असलेल्या नळकांड्याने, गिळायची असते. त्याला ते जमलं नाही, तर चाक दगडाच्या माथ्यावरून उडतं, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येतं.

आता दगडाची पलीकडची बाजू. जमीन खाली गेली, चाकाने तिच्या मागे धावायचं आहे. मागच्या स्प्रिंगवर सुमारे ५० किलोचा भार असेल, तर ती चाकाला जवळपास ४९० न्यूटन बलाने खाली रेटते. चाकाचा हा भाग चार किलोचा असेल तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे साडेबारा पट, साडेतीन किलोचा असेल तर चौदा पट. पण शॉकमधलं तेल या परतीला अडवतं, आणि शॉकवरची रिबाउंडची (परतीच्या वेगाची) कळ हेच अडवणं कमी-जास्त करते. तेलाचा विरोध वेगाबरोबर वाढतो, त्यामुळे चाक एका ठरावीक कमाल वेगाला पोचलं की त्याहून जास्त वेग घेत नाही. वजन घटवल्याने तो कमाल वेग बदलत नाही, फक्त तिथवर पोचायला लागणारा वेळ कमी होतो. म्हणजे रिबाउंड गरजेपेक्षा घट्ट ठेवला असेल, तर खालचे पाचशे ग्रॅम कमी करूनही हाती फारसं काही लागत नाही. खर्चाला हात घालण्याआधी कळ एकेक टिचकी सैल करून त्याच वाटेवरून फिरून पाहावं.

खालचं सगळं वजन सारखं मोजलं जात नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. चाकाच्या निम्म्या वेगाने हलणाऱ्या भागाचा परिणाम निम्म्याचा वर्ग, म्हणजे पाव होतो. पिव्हटच्या (स्विंगआर्म ज्या सांध्याभोवती फिरतो त्याच्या) लगतचा भाग जेमतेम हलतो, म्हणून तिथले टायटॅनियमचे बोल्ट सस्पेन्शनच्या दृष्टीने निरुपयोगी. आसावरचं वजन मात्र पूर्ण मोजलं जातं, आणि म्हणूनच सुरुवात कॅसेटपासून करावी. श्रॅम कंपनीची एनएक्स ईगल कॅसेट ६१५ ग्रॅमच्या आसपास, जीएक्स ४५० च्या. पण एनएक्स शिमानो पद्धतीच्या फ्रीहबवर (मागच्या हबवर कॅसेट बसते त्या भागावर) बसते, जीएक्सला त्या जागी एक्सडी ड्रायव्हर हा वेगळा भाग लागतो. तुमच्या हबसाठी (चाकाच्या मधल्या भागासाठी) तो मिळतो का, हे आधी तपासा.

ट्यूब काढून ट्यूबलेस केलं तर टेप, व्हॉल्व्ह आणि १०० मिलिलिटर सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) धरूनही चाकामागे ८० ते १०० ग्रॅम वाचतात. शिवाय हवेचा दाब चार-पाच पीएसआय (दाबाचं एकक) कमी ठेवता येतो. सीलंट काही महिन्यांत सुकतं, ते वरचेवर भरावं लागतं.

सगळ्यात मोठा मोह टायरचा. हजार ग्रॅमच्या टायरऐवजी साडेसातशेचा घातला की २५० ग्रॅम एका झटक्यात जातात. पण पातळ कवचाचा टायर दगडावर दबून रिम ठेचू नये म्हणून हवा वाढवावी लागते. हवा वाढली की जे बारीक खडे टायर स्वतः गिळत होता, ते आता चाकाला वर फेकू लागतात. चाक हलकं करून जे मिळवलं, ते टायर कडक करून घालवलं. खडकाळ वाटेवर मागचा टायर जाडच हवा. रोटरचंही तसंच: २०३ मिलिमीटरचा काढून १८० चा बसवला तर चाळीसेक ग्रॅम वाचतात आणि ब्रेकची पकड ११ टक्के घटते. हा सौदा करू नये.

स्प्रिंगवरचं वजन सस्पेन्शनला फार जाणवत नाही, पण उचलायला आणि चढवायला ते असतंच. पोलादी स्प्रिंगच्या कॉइल शॉकच्या जागी स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा वापरणारा एअर शॉक घातला तर साधारण ४०० ग्रॅम कमी होतात. शॉकची लांबी आणि स्ट्रोक (तो किती दाबला जातो ते अंतर), उदाहरणार्थ २१० गुणिले ५५ मिलिमीटर, तंतोतंत तेच हवेत. बसवल्यावर शॉकमधली सगळी हवा सोडून सस्पेन्शन पूर्ण दाबा आणि टायर फ्रेमला घासत नाही ना ते पाहा. एअर शॉक शेवटी शेवटी झपाट्याने कडक होतो. ज्या फ्रेमची रचना मुळातच शेवटी कडक होणारी आहे, तिथे सस्पेन्शनच्या दबण्याचा शेवटचा टप्पा वापरातच येत नाही. तसं झालं तर शॉकमधले व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारे तुकडे) काढावेत.

कार्बनचा हँडलबार शंभरेक ग्रॅम वाचवतो. तो खरखरीत असेंब्ली पेस्ट लावून आणि त्यावर छापलेल्या टॉर्कनेच, बहुधा ५ न्यूटन-मीटरने, आवळावा. ग्रीस लावलं तर तो फिरतो, मग माणूस जास्त आवळतो आणि कार्बनला तडा जातो. ॲल्युमिनियमचे बोल्ट बाटलीच्या पिंजऱ्याला चालतील. स्टेम (हँडलबार धरणारा भाग), कॅलिपर, रोटर आणि शॉक यांना कधीही नाही, कारण तिथला तुटलेला बोल्ट थेट स्वाराला पाडतो. टायटॅनियमचा बोल्ट वापरायचाच असेल तर अँटी-सीझ पेस्ट (जाम होऊ न देणारं वंगण) लावून घाला, नाहीतर तो आट्यांत असा जाम होतो की पुढे ड्रिल मारून काढावा लागतो.