व्हॉल्वमनची वाट पाहणारा हायड्रंट

अग्निशमन दलाच्या बंबाच्या टाकीत साधारण 4,500 लिटर पाणी मावतं. मिनिटाला 450 लिटर फेकणारे दोन पाइप लावले की पाच मिनिटांत टाकी रिकामी. निपाणीत तंबाखूचं गोदाम पेटलं किंवा उन्हाळ्यात खानापूरकडे गवतगंजी पेटली, तर पाच मिनिटांत काय विझणार? पुढचं पाणी रस्त्याखालच्या जलवाहिनीतूनच घ्यायचं, म्हणून हायड्रंट आला, म्हणजे त्या वाहिनीवर बसवलेलं, बंबाला पाणी देणारं तोंड.

1666 मध्ये लंडन जळत असताना लोकांनी रस्ते उकरून लाकडी जलवाहिन्या फोडल्या होत्या. नंतर त्या वाहिन्यांना भोकं पाडून खुंट्या ठोकू लागले. आग लागली की खुंटी उपसायची. खांबासारखा उभा हायड्रंट 1801 च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या फ्रेडरिक ग्राफ यांनी बनवला असं मानतात. 1836 मध्ये वॉशिंग्टनचं पेटंट कार्यालय जळालं, त्यामुळे कागदोपत्री पुरावा मिळत नाही.

मला मात्र लंडनची पुढची गोष्ट जास्त जवळची वाटते. एकोणिसाव्या शतकात तिथे बहुतेक भागांत पाणी दिवसातून थोडाच वेळ सुटायचं. आग लागली की पाणी कंपनीचा माणूस चावी घेऊन येईपर्यंत जवान थांबून राहायचे. 1871 च्या कायद्याने चोवीस तास पुरवठा आणि हायड्रंट यांची सांगड घातली, आणि मग हळूहळू ही वाट पाहणं संपलं. गल्लीत पाणी सोडणाऱ्या व्हॉल्वमनच्या वेळेवर घरातले हंडे-बादल्या मांडणाऱ्या बेळगावकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बेळगाव मुळात विहिरींवर जगलेलं गाव. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे. पुढे मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयाचं पाणी आलं, मग हिडकल धरणाचं. पण पुरवठा वेळापत्रकाचा. दोन पाळ्यांच्या मधे वाहिनीत दाबच नसेल, तर तिच्यावरचा हायड्रंट नुसता लोखंडाचा तुकडा. 2008 मध्ये शहराच्या काही भागांत प्रायोगिक चोवीस तास पाणी सुरू झालं. हा बदल घरच्या नळापुरता पाहिला जातो. आगीच्या बाजूने त्याची चर्चा फार कमी होते, याचं मला वाईट वाटतं.

आकडा काढून पाहा. देशातल्या पाणीपुरवठ्याच्या मार्गदर्शिकेत 50,000 वरच्या शहरासाठी आगीचं पाणी काढायचं सूत्र आहे: हजारांत मोजलेल्या लोकसंख्येचं वर्गमूळ गुणिले 100, उत्तर किलोलिटरमध्ये. 2011 च्या जनगणनेत बेळगावची लोकसंख्या सुमारे 4.88 लाख. म्हणजे जवळपास 22 लाख लिटर. त्यातला तिसरा हिस्सा पुरवठ्याच्या टाक्यांत राखायचा, बाकीचं पाणी ठिकठिकाणच्या साठ्यांत.

देखभाल अवघड नाही, पण नियमित हवी. जमिनीखालच्या हायड्रंटचं झाकण डांबराखाली गाडलं गेलं की तो शोधण्यातच वेळ जातो. म्हणून प्रत्येक डांबरीकरणानंतर झाकण वर काढायचं आणि भिंतीवर खूण रंगवायची. चेंबरमधली माती काढायची, स्पिंडलला, म्हणजे झडप उघडणाऱ्या दांड्याला, ग्रीस लावायचं, वॉशर तपासायचा, तोंडाचं टोपण जागेवर आहे ना ते पाहायचं. अधूनमधून पाणी सोडून गाळ घालवायचा आणि दाब मोजून लिहून ठेवायचा. बंद करताना मात्र सावकाश. झटक्यात बंद केलं तर वाहत्या पाण्याचा मार बसून जुनी वाहिनी फुटू शकते.

आणि विहिरी? जिथे वाहिनीत दाब नाही तिथे त्याच आधार. पण बंबाचा पंप फार तर सात-आठ मीटर खोलीवरूनच पाणी ओढतो. एप्रिल-मेमध्ये पातळी त्याखाली गेली, तर सुटा पंप दोराने आत उतरवावा लागतो. तेव्हा कोणत्या विहिरीपर्यंत बंब पोचतो आणि उन्हाळ्यात तिची पातळी किती असते, हे गल्लीगल्लीनं आत्ताच मोजून ठेवायला हवं.