अरिजित सिंगनं ‘फेम गुरुकुल’ जिंकलं नव्हतं

‘फेम गुरुकुल जिंकला आणि अरिजित रातोरात स्टार झाला’ हे वाक्य वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. त्यातल्या दोन्ही गोष्टी खोट्या. २००५ मध्ये सोनी टीव्हीवर झालेल्या त्या गाण्याच्या स्पर्धेत मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जियागंजचा हा १८ वर्षांचा पोरगा प्रेक्षकांच्या मतांत मागे पडला आणि अंतिम फेरीआधीच बाहेर गेला. जिंकली ती काझी तौकीर आणि रूपरेखा बॅनर्जी ही जोडी. (काझीच्या सुरांवरून तेव्हा काय वाद रंगायचे! पण मतं त्यालाच धो-धो पडायची.)

गोंधळ बहुधा पुढच्या शोमुळे होतो. ‘दस के दस ले गए दिल’ अरिजितनं खरोखर जिंकलं. बक्षिसाच्या पैशांतून त्यानं स्वतःचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ थाटला, मग प्रीतमसारख्या संगीतकारांच्या हाताखाली म्युझिक प्रोग्रामिंग (म्हणजे कॉम्प्युटरवर गाण्याचं संगीत रचणं-जुळवणं) केलं. माइकपुढून उठून तो थेट काचेपलीकडे, कॉम्प्युटरसमोर बसला. माझ्या मते त्याची खरी तालीम तिथंच झाली. हिंदी चित्रपटातलं पहिलं गाणं, ‘मर्डर २’मधलं ‘फिर मोहब्बत’, लोकांपर्यंत पोचलं २०११ मध्ये. आणि ‘तुम ही हो’साठी तर २०१३ उजाडलं.