तिवराची नाकं

रविवारी ऐरोलीच्या खाडीकाठी प्लास्टिक वेचायला गेलो होतो. कॉलेजची पोरं हौसेनं आली होती, हातात फलक: ‘खारफुटी म्हणजे मुंबईची फुफ्फुसं’. फोटो झाले, पोरं गमबूट घालून चिखलात उतरली आणि पायाखाली कटाकट आवाज यायला लागला. मोडत होती ती झाडांचीच नाकं.

तिवर या खारफुटीतल्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीएवढे खुंट वर आलेले असतात, एकेका झाडाला शेकड्यांनी. ही श्वसनमुळं. शाळेत एका मार्कापुरती आपण पाठ केलेली. पण छाती नाही, भाता नाही, मग श्वास घेतात कशी?

आधी चिखल बघा. वरचा पातळ थर तपकिरी, बोटभर खाली काळाकुट्ट आणि सडक्या अंड्यांचा वास. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानानं सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, आणि जो थोडाफार झिरपतो तो वरचे जिवाणूच संपवतात. खालचे जिवाणू मग समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, त्याचाच तो वास. मुळांच्या पेशींचं मात्र सल्फेटवर भागत नाही.

म्हणून हे खुंट. त्यांच्या सालीवर बारीक वल्करंध्रं, म्हणजे हवेची छिद्रं असतात आणि आत स्पंजसारखी पोकळ ऊती, थेट खालच्या आडव्या मुळापर्यंत. ओहोटीला हवा आत जाते. भरतीला खुंट बुडतात, पण ती रंध्रं पाणी आत घेत नाहीत. आत कोंडलेला ऑक्सिजन पेशी वापरत राहतात. त्या बदल्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड आतली जागा भरून काढेल असं वाटतं, पण तो पाण्यात ऑक्सिजनपेक्षा २० पटींहून जास्त विरघळतो, त्यामुळे बाहेर निसटतो. आतला वायू घटतो, दाब उतरतो. पाणी ओसरून रंध्रं उघडी पडली की दाबलेल्या ड्रॉपरचा फुगा सोडावा तशी बाहेरची हवा आपसूक आत ओढली जाते. शोलँडर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या जातभाईच्या रंध्रांवर ग्रीस थापून पाहिलं, तर मुळांतला ऑक्सिजन झरझर उतरला.

म्हणजे दिवसातून दोनदा चंद्रच तिवराला श्वास घ्यायला लावतो. अमावास्या-पौर्णिमेचे फॉरवर्ड पाठवणाऱ्या मंडळींनी हुरळून जाऊ नये. हा परिणाम पाण्यामार्फत होतो, पत्रिकेमार्फत नाही.

आता तिवर मारायला कुऱ्हाड कशाला लागते? रात्री डंपरनं वीतभर राडारोडा ओतला की नाकं गाडली जातात. बांध घालून पाणी तुंबवलं तर भाताच बंद. मग ‘झाडं आपोआप वाळली’ म्हणायला सगळे मोकळे. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली जे आदेश दिले, त्यांत तोडीइतकीच भराव टाकण्यावरही बंदी आहे, ती उगाच नाही. डंपरचे फोटो काढत रात्री जागणारे कार्यकर्ते काही लोकांना रिकामटेकडे वाटतात. मला तेच झाडाचं दुखणं नेमकं कळलेले वाटतात.

आणि ते ‘फुफ्फुसं’ प्रकरण. हवामानाच्या दृष्टीनं खारफुटीची खरी किंमत तिच्याखाली ऑक्सिजन नसण्यात आहे. मेलेली मुळं, पानं तिथे धड कुजत नाहीत, त्यामुळे त्यांतला कार्बन शतकानुशतकं चिखलात पडून राहतो. तो चिखल उपसला की हवा लागते आणि साठा वायू होऊन बाहेर पडू लागतो. ‘इथली तोडतो, तिकडे दुप्पट लावतो’ या हिशेबात रोपं मोजलेली असतात, चिखल नाही.

पोरांना हे सगळं उभ्या उभ्या सांगितलं. निम्मी सल्फेटपाशीच गळाली. एकीनं मात्र खाली वाकून बघितलं: दुधाची एक पिशवी सात-आठ खुंटांवर टोपीसारखी ताणून बसली होती. ती ओढायला गेली तर दोन खुंट मोडले. पुढच्या खेपेला फलक नको, प्रत्येकानं कात्री आणायची असं ठरलं.