सुवर्णक्षेत्रांतील नदीकाठच्या पायवाटा

सुवर्णक्षेत्रांतील नदीकाठच्या पायवाटा : जिथे पूर्वी नदीच्या गाळातून किंवा काठच्या टेकड्यांतून सोने काढले जात असे आणि आता ते काम थांबले आहे, अशा प्रदेशातून नदीला धरून जाणाऱ्या चालण्याच्या वाटा. कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्य आणि न्यूझीलंडचा ओटागो प्रांत या वाटांसाठी प्रसिद्ध आहेत. भारतात केरळमधील निलंबूरचा परिसर हे जवळचे उदाहरण. यांतल्या बऱ्याच वाटा मुळात चालण्यासाठी आखलेल्याच नव्हत्या. खाणवाल्यांनी पाणी खेळवण्यासाठी खोदलेले पाट, माल वाहण्यासाठी पाडलेले रस्ते आणि उपसलेल्या दगडमातीचे बांध हीच आजची पायवाट झाली आहे. त्यामुळे खाणीच्या खुणा न ओळखता इथून चालणाऱ्याला झाडे, पक्षी आणि पाणी दिसते, पण ती नदी अशी का झाली हे कळत नाही.

सोन्याची घनता पाण्याच्या 19.3 पट आहे, म्हणजे गारगोटीच्या सुमारे सातपट. डोंगरातल्या गारगोटीच्या शिरा झिजल्या की सोन्याचे कण प्रवाहात येतात आणि पाण्याचा जोर ओसरतो तिथे बसतात : वळणाच्या आतल्या काठाला, मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला, तळखडकाच्या भेगांत. ते वेगळे करण्याची सर्वांत जुनी रीत तांदूळ रोळण्यासारखी आहे. पसरट भांड्यात वाळू आणि पाणी घेऊन हिसके देत फिरवायचे. हलके वरून निघून जाते, जड तळाला राहते. पुढे आडव्या पट्ट्या ठोकलेल्या लांब लाकडी पन्हळी आल्या. पात्रातला गाळ धुऊन संपल्यावर खाणवाले काठच्या टेकड्यांकडे वळले. तिथली माती धुवायला लागणारे पाणी वरच्या अंगाने, कित्येक मैलांवरून आणावे लागे. त्यासाठी डोंगराच्या कडेने पाट खोदले गेले.

हे पाट ओळखता आले की निम्मी वाट वाचता येते. उतारावर एका बाजूला कापलेली दरड, दुसऱ्या बाजूला मातीचा बुटका बांध आणि मधून डोळ्यांना सपाटच वाटेल इतक्या मंद उताराची पट्टी दिसली, तर तो बहुधा पाट असतो. कॅलिफोर्नियात दक्षिण युबा नदीच्या वर असलेली इंडिपेंडन्स ट्रेल ही वाट अशाच एका जुन्या पाटावर आहे. पाण्यासाठी राखलेला तो उतार इतका सौम्य होता की चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांनाही तिथे जंगलात फिरता येऊ लागले. खाणीच्या अवशेषाचा याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल. खाणीच्या अवशेषाचा याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.

परदेशातल्या वाटांपैकी मुंबईकरांना पाहायला सर्वांत सोपे ठिकाण म्हणजे मेलबर्नजवळचे वॉरनडाइट. मुलाबाळांकडे काही महिने राहायला गेलेले अनेक आईवडील यारा नदीकाठी फिरायला जातातच. व्हिक्टोरियातील सुरुवातीचा सोन्याचा शोध 1851 मध्ये इथल्याच अँडरसन्स क्रीकवर लागला. ही भूमी मूळची वुरुंजेरी या आदिवासी लोकांची. इथे पाउंड बेंडला यारा मोठा वळसा घेते. 1870 मध्ये या वळशाच्या मानेतून खडक फोडून सुमारे 145 मीटर लांबीचे भुयार काढण्यात आले. नदी भुयारातून पुढे काढायची आणि वळशाचे कोरडे पडलेले पात्र खणून सोने काढायचे, असा बेत होता. आजही भुयाराच्या तोंडाशी उभे राहिले की पाणी खडकात घुसताना दिसते आणि खळखळाटात शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. वळशाच्या काठाने चालत गेले की तीच नदी गमट्री म्हणजे निलगिरीच्या झाडांच्या सावलीत संथ वाहताना भेटते. भुयारात आणि त्याच्या तोंडाशी पोहणे जीवघेणे आहे.

व्हिक्टोरियात हौस म्हणून वाळू धुऊन सोने शोधण्यासाठीही परवाना काढावा लागतो. बॅलरॅटच्या खाणमजुरांनी जाचक परवाना शुल्काविरुद्ध 3 डिसेंबर 1854 रोजी युरेका येथे सैन्याला तोंड दिले. त्यानंतर आलेल्या स्वस्त परवान्याचा हा वारस. कोणत्या उद्यानात वाळू धुवायला परवानगी आहे, हे मात्र आधी पाहून जावे.

ओटागोतील ॲरो नदीवर 1862 मध्ये सोन्यासाठी गर्दी झाली. ॲरोटाउनमधून निघणारी वाट चिनी वस्तीजवळून जाते. 1866 पासून आलेल्या चिनी मजुरांनी इतरांनी सोडून दिलेल्या जागा पुन्हा धुतल्या आणि उपसलेले दगड हाताने नीट रचून ठेवले. ओटागोत ते दगड ठिकठिकाणी अजून जागेवर आहेत. खडकाला टेकून बांधलेल्या त्यांच्या झोपड्या माणसाला वाकून शिरावे लागेल एवढ्याच. या लोकांवर 1881 मध्ये माणशी 10 पौंड प्रवेशकर बसवण्यात आला, पुढे तो 100 पौंड झाला. सरकारने त्याबद्दल 2002 मध्ये माफी मागितली. या वाटेवर चालणाऱ्याने वस्तीसाठी वेगळा वेळ काढावा.

कॅलिफोर्नियातील सोन्याची सुरुवात 24 जानेवारी 1848 रोजी ‘अमेरिकन’ नावाच्या नदीच्या काठी कोलोमा येथे झाली. तिथे जेम्स मार्शल यांना लाकूडगिरणीच्या पाटात सोने दिसले. तिथला नदीकाठ आज राज्य उद्यान आहे. पण नदीचे काय होते, हे समजायला मॅलाकॉफ डिगिन्स गाठावे. तिथे पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यांनी अख्ख्या टेकड्या पाडल्या गेल्या. तो राडारोडा युबा नदीत उतरला, पात्र भरून वर आले आणि खालच्या मेरीसव्हिल गावात पूर शिरू लागले. शेतकरी न्यायालयात गेले आणि 7 जानेवारी 1884 रोजी न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी असा राडा नदीत सोडण्याला बंदी घातली. आपण 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत पडलेला 944 मिमी पाऊस आणि बुजवून, वळवून अरुंद केलेली मिठी नदी पाहिली आहे. पात्र भरले की पाणी कुणाच्या घरात जाते, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको.

या नद्यांतली दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे पारा. बारीक सोने धरून ठेवण्यासाठी पन्हळींत पारा ओतत असत. त्यातला बराच वाहून गेला आणि गाळात बसला. कॅलिफोर्नियातील अशा नद्यांतले मासे किती खावेत याच्या सूचना आजही दिल्या जातात. झवेरी बाजारातल्या गल्ल्यांची धूळ झाडून, धुऊन तीतले सोन्याचे कण काढणारे झारेकरी हीच विद्या शहरात चालवतात. पारा आणि तेजाबाचा धोका त्यांच्याही हातांना आहे.

मुंबईच्या स्वतःच्या नद्यांत असे सोने नाही. शहराखालचा खडक मुख्यतः सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, तर भारतातले महत्त्वाचे सोने त्याहून कितीतरी जुन्या, अब्जावधी वर्षांच्या खडकांत आढळते. नदीकाठ वाचण्याचा सराव मात्र बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या शिलोंडा वाटेवर उत्तम होतो : वळणाच्या कुठल्या काठाला वाळू साचते, धोंड्यामागे कोणता गाळ बसतो, हे ओढ्याकाठी डोळ्यांनी दिसते. तिथे उद्यानाच्या परवानगीने आणि मार्गदर्शकासोबतच जाता येते.

भारतातली प्रसिद्ध कोलारची खाण 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाली. ती खोल खाण होती, नदीकाठची नव्हे. नदीकाठासाठी निलंबूर. 1880 च्या आसपास वायनाड आणि निलगिरीतल्या पंडलूर-देवाला भागात सोन्याच्या आशेने लंडनमध्ये कंपन्या उभ्या राहिल्या आणि थोड्याच वर्षांत बुडाल्या. त्या डोंगरांतून उतरणारे पाणी चालियार नदीला मिळते. चालियारच्या वाळूत स्थानिक आदिवासी कुटुंबे लाकडी परातीत सोने रोळत आली आहेत. नदीकाठी 1840 च्या दशकात लावलेले सागवानाचे जुने बन आहे. तिथली वाट सावलीची आणि सपाट. डोंगरातल्या जुन्या भुयारांत मात्र शिरू नये, ती ढासळतात. लोकमान्य टिळक टर्मिनसहून कोकण रेल्वेने शोरानूर आणि तिथून निलंबूरची 66 किलोमीटरची शाखा, असा प्रवास आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात या काठाला जाऊ नये : 30 जुलै 2024 च्या वायनाडमधील दरडीत वाहून गेलेल्या अनेकांचे मृतदेह चालियारच्या पात्रात निलंबूरपर्यंत आले होते.